भाषाविज्ञान करून लातुरात पोट भरतं का

जून लागला की मला फोन सुरू होतात. कुणाची तरी भाची बी.ए. झालेली असते, कुणाचा मुलगा पुण्यात एम.ए.ला असतो आणि तो नेमकं काय शिकतोय हे घरच्यांना अजून कळलेलं नसतं. बोलणारे बहुतेक काका असतात. आधी पाऊस, मग पेरणी, मग आईची तब्येत, आणि शेवटी आवाज जरा खाली आणून, "ते तू जे केलीस ना बाई, त्यात पुढं काही आहे का?"

काकांचा दोष नाही. लातुरात शिक्षण म्हणजे नीट किंवा जेईई. ट्यूशन एरियातून एक चक्कर मारली तर डोक्यावर सगळीकडं पोरांचे फोटो आणि त्यांचे मार्क. त्या गर्दीत 'मी भाषाविज्ञानात एम.ए. केलं' असं म्हटलं की समोरचा विचारतो, "म्हणजे मराठीत का?" नाही म्हटलं की, "मग इंग्रजीत?" तेही नाही म्हटलं की गप्प बसतो आणि चहा मागवतो. (भाषाविज्ञान म्हणजे एखादी भाषा शिकणं नव्हे, तर भाषा घडते कशी आणि चालते कशी याचा अभ्यास.)

सरळ उत्तर आधी देते: पोट भरतं. माझं भरतंय, तेही लातुरात राहून, घराच्या वरच्या खोलीत बसून, लाइट असेल तेव्हा. (इन्व्हर्टर चांगला घ्या. हे कुठल्याच विद्यापीठात शिकवत नाहीत.) पण ते भरायला लागेपर्यंत मला ज्या गोष्टी कुणी सांगितल्या नाहीत, त्या दर जूनला फोनवर सांगून घसा बसतो. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

पहिली गोष्ट, 'भाषावैज्ञानिक पाहिजे' अशी जाहिरात शोधत बसलात तर वर्ष जाईल. 'लिंग्विस्ट' असं टाकून शोधलं तर बहुतेक वेळा जर्मन किंवा जपानी येणारा माणूस हवा असतो. आपलं काम दुसऱ्याच नावांनी निघतं. लँग्वेज स्पेशालिस्ट, लँग्वेज डेटा ॲनालिस्ट, ॲनोटेशन लीड (मजकुरावर खुणा करणाऱ्यांचा प्रमुख), लोकलायझेशन रिव्ह्यूअर (ॲप-वेबसाइटचं मराठी तपासणारा), कन्व्हर्सेशन डिझायनर (यंत्राने माणसाशी काय बोलायचं ते लिहिणारा), आणि जिथं खरंच प्रोग्रामिंग लागतं तिथं कॉम्प्युटेशनल लिंग्विस्ट. यातलं एकेक नाव टाका, पुढं 'मराठी' जोडा, मग बघा काय काय वर येतं ते.

आता मी करते काय ते सांगते, कारण 'कॉम्प्युटरवर भाषेचं काम' एवढ्याने कुणाचंच समाधान होत नाही, माझ्या आईचंही नाही.

शेतकऱ्यांच्या फोनला उत्तर देणारी एक सेवा आहे. माणूस बोलतो, यंत्राने ते ऐकून अक्षरांत उतरवायचं, मग पुढचं. यंत्राला शिकवायला हजारो तासांचं बोलणं लागतं आणि ते कुणीतरी ऐकून लिहावं लागतं. लिहिणारी मुलं-मुली वेगळी. लिहायचं कसं, याचे नियम मी ठरवते आणि त्यांनी लिहिलेलं तपासते. समजा मुरुडकडचा एक माणूस म्हणाला, "सोयाबीन पावणेपाच हजारानं गेलं, आता तूर काढायलोय." एवढंसं वाक्य. पण त्यात माझी अर्धी सकाळ जाते.

आधी पावणेपाच हजार. यंत्राला पुढं भावाच्या तक्त्याशी ताळा घालायचाय, म्हणजे त्याला ४७५० पाहिजे. इंजिनिअरांच्या पहिल्या नियमात पावणेपाच म्हणजे पाच आणि वर पाऊण असं धरलेलं होतं. झालं ५७५०. क्विंटलमागं हजार रुपयांचा फरक, तोही यंत्र छातीठोकपणे सांगणार. पावणे मागं ओढतं, सव्वा आणि साडे पुढं ढकलतात, दीड आणि अडीच स्वतःच आकडे आहेत, पाऊणशे म्हणजे पंचाहत्तर पण पावणेदोनशे म्हणजे एकशे पंचाहत्तर. मोंढ्यात हमालालाही हे हिशेब तोंडपाठ असतात, पण नियमात उतरवायला बसलं की दोन पानं होतात.

मग 'काढायलोय'. पुस्तकी मराठीत 'काढायला' म्हणजे 'तूर काढायला गेला' मधलं. यंत्र तिथंच तुकडा पाडतं आणि मागं उरतं एक अनाथ 'ओय'. आपल्याकडं ते चालू काम आहे, 'काढतोय' या अर्थाचं. नांदेडकडं सरकलं की तेच 'काढूलालो' होतं. आता लिहिणारी मुलगी पुण्याची असेल तर ती सवयीने 'काढतोय' लिहून मोकळी होते. तिला शाळेत तसंच दुरुस्त केलेलं असतं. पण एकदा तसं लिहिलं गेलं की यंत्राच्या लेखी 'काढायलोय' अस्तित्वातच नाही, आणि उद्या औशाच्या माणसाने हवामान विचारायला फोन केला तर त्याला पुणेरी बोलावं लागेल. म्हणून नियमात पहिली ओळ: कानाने ऐकलं ते लिहा, प्रमाण रूप शेजारच्या रकान्यात. ही ओळ पटवून देण्यात जितक्या बैठका गेल्या तितक्या बाकी सगळ्या नियमांत मिळून गेल्या नाहीत.

दुसरं काम बोलणाऱ्या यंत्राचं, म्हणजे अक्षरं वाचून आवाज काढणाऱ्याचं. 'चार पेंढ्या चारा' हे मोठ्याने म्हणून बघा. पहिला च आणि दुसरा च वेगळे आहेत, अक्षर मात्र एकच. 'जरा थांब' मधला ज आणि 'जरा-मरण' मधला ज, तेच. आपण विचार न करता बरोबर म्हणतो. यंत्राला प्रत्येक शब्दापुढं खूण करून द्यावी लागते. त्याला पीएच.डी. लागत नाही, पण कान आणि चिकाटी लागते, आणि ध्वनिविचाराच्या तासाला जे कंटाळवाणं वाटलं होतं ते तिथं नेमकं कामी येतं.

हे काम फक्त खासगी कंपन्यांतच आहे असं नाही. केंद्र सरकारचं 'भाषिणी' २०२२ साली सुरू झालं, त्यात २२ अनुसूचित भाषांचं भाषांतर आणि बोलण्याचं तंत्रज्ञान तयार करायचं आहे. मद्रास आयआयटीतलं 'एआयफोरभारत' त्यातलंच एक मोठं केंद्र. बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये 'वाणी' नावाचा प्रकल्प आहे, देशातल्या जिल्ह्याजिल्ह्यातून बोलणं गोळा करणारा. तिथलाच 'रेस्पिन' शेती आणि पैशांच्या व्यवहारातली भाषा घेतो, बोलींसकट, आणि त्याच्या नऊ भाषांत मराठी आहे. मुंबई आयआयटीत पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने मराठीचं वर्डनेट, म्हणजे अर्थाच्या नात्यांनी जोडलेलं शब्दांचं जाळं, केलं. पुण्यात सी-डॅक ही संगणकावर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. म्हैसूरला १९६९ पासून भारतीय भाषा संस्थान आहे, तिथल्या भाषिक डेटाच्या विभागात करारावरची पदं निघतात, 'रिसोर्स पर्सन' अशा काहीतरी मोघम नावाची. ते मोघम नाव बघून जाहिरात सोडून देऊ नका. करार वर्षा-वर्षाचा असतो, कायम होण्याची आशा धरू नका, पण दोन वर्षं तिथं काढलेल्या माणसाला पुढं कुणी 'तुम्हाला काय येतं' असं विचारत नाही.

शिकायचं कुठं, हा फोनवरचा दुसरा प्रश्न. मराठवाड्यात भाषाविज्ञान बहुतेक ठिकाणी मराठीच्या नाहीतर इंग्रजीच्या एम.ए.तला एक पेपर म्हणून भेटतं. सगळ्यांच्या डोळ्यांपुढं पुणंच असतं, मीही तिकडंच गेले. डेक्कन कॉलेजचा भाषाविज्ञान विभाग जुना आणि नावाजलेला आहे. फक्त ते येरवड्यात आहे. डेक्कन जिमखान्यावर उतरून विचारत फिरू नका, दर वर्षी एक तरी जण फिरतो. मुंबई विद्यापीठातही विभाग आहे. पण उदगीर, देगलूर, बिलोली, धर्माबाद, मुखेडच्या पोरांना मी आधी नकाशा उघडायला लावते. हैदराबाद तुम्हाला पुण्यापेक्षा जवळ आहे. तिथं उस्मानिया आहे, इफ्लू (इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ) आहे, हैदराबाद विद्यापीठात उपयोजित भाषाविज्ञान आणि अनुवादाचं केंद्र आहे आणि ट्रिपल आयटीत भाषा-तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा आहे. आपले आजोबा कोर्टकचेरीसाठी हैदराबादलाच जायचे. १९४८ नंतर आपली तोंडं मुंबई-पुण्याकडं वळली ती वळलीच.

आता इंटर्नशिप. इथं मला जरा जास्त बोलायचंय.

माझ्याकडं अर्ज येतात. आठवड्याला चार-पाच तरी. जवळजवळ सगळे एका छापाचे: "मला भाषांची आवड आहे, मी मेहनती आहे, मला संधी द्यावी." खाली तीन-चार ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं. यात चुकीचं काहीच नाही, पण निवडायचं कशावरून? मागच्या वर्षी एका अर्जासोबत एक फोल्डर आलं. देगलूरची मुलगी, एम.ए.च्या पहिल्या वर्षाला. फोल्डरमध्ये मावशीच्या बोलण्याचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग, त्याचं तीन ओळींत केलेलं लेखन, आणि एक पान टिपण.

मावशीचं बांगड्यांचं दुकान. गिऱ्हाइकाशी घासाघीस चाललेली. सुरुवात मराठीत, भाव सांगताना तेलुगू, दुसरी बाई आत आली की दखनी उर्दू, परत मराठी. मुलीने 'इलान' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते सगळं बसवलेलं. पहिल्या ओळीत जसं ऐकलं तसं, दुसऱ्या ओळीत शब्दांचे तुकडे पाडून प्रत्ययांची नावं, तिसऱ्या ओळीत अर्थ. आणि भाषा जिथं बदलते तिथं प्रत्येक वेळी खूण. टिपणात तिने सिद्धांत मांडला नव्हता. पाच जागा दिल्या होत्या जिथं तिला ठरवता आलं नाही. उदाहरणार्थ, एका तेलुगू नामाला मावशीने मराठी 'ला' लावला होता, मग तो शब्द कुठल्या भाषेत मोजायचा? आमच्या टीममध्ये अशाच प्रश्नावर आठवडाभर भांडण चालू होतं.

तिला मी बोलावलं तेव्हा बायोडाटात 'अवगत भाषा' पुढं मराठी, हिंदी, इंग्रजी एवढंच होतं. तेलुगू कुठं गेली? म्हणाली, "ताई, लिहिता नाही येत ना. नुसतं घरात बोलतो." ही गोष्ट मराठवाड्याच्या पोरांना मी ओरडून सांगते. नुसतं घरात बोलता तेच टाका. उमरग्याच्या पोराची कन्नड, किनवटच्या पोरीची गोंडी नाहीतर कोलामी, तांड्यावरची गोरबोली, नांदेडच्या गल्लीतली दखनी. लिहिता येत नसेल तर तसं लिहा: 'बोलता येते, लिहिता येत नाही.' या भाषांचं लेखन करणारी तरबेज माणसं शोधूनही मिळत नाहीत. बंजारा लोकांची गोरबोली जनगणनेत हिंदीखाली मोजली जाते. गोंडी आणि कोलामी आठव्या अनुसूचीत नाहीत, म्हणजे सरकारच्या त्या बावीस भाषांत त्यांना जागा नाही. कुणी यांच्यावर काम काढलं तर पहिल्यांदा माणूसच शोधत फिरावं लागतं, आणि तो माणूस बायोडाटात 'मराठी, हिंदी, इंग्रजी' लिहून बसलेला असतो.

त्या मुलीला आमच्याकडं जागा देता आली नाही, तेव्हा तेलुगूचं काम नव्हतं. पण तेच फोल्डर तिने हैदराबादच्या एका प्रयोगशाळेला पाठवलं आणि उन्हाळ्यात तिथं गेली, विद्यावेतनासह.

म्हणून माझं एकच सांगणं असतं: प्रमाणपत्रं नंतर, आधी एक छोटं काम पुरं करा. पुरं म्हणजे पुरं, 'चालू आहे' नको. दहा मिनिटांचं स्वच्छ रेकॉर्डिंग घ्या. पंखा बंद करा, फोन बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा, टीव्ही बंद करायला लावा (हे सगळ्यात अवघड). बोलणाऱ्याची परवानगी आधी घ्या, रेकॉर्डिंगमध्येच घ्या, कशासाठी वापरणार ते सांगून. मग 'ऑडॅसिटी'त कापा, 'इलान'मध्ये लिहा. एखादा आवाज नेमका काय आहे ते कळेना झालं तर 'प्राट'मध्ये टाकून लहरी बघा. तिन्ही फुकट आहेत, जुन्या लॅपटॉपवर चालतात. आणि लिहायला बसण्याआधी डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने केलेलं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण इंटरनेटवर बघा. आपल्या जिल्ह्यातली रेकॉर्डिंग ऐका. माहिती मांडायची कशी, ते तिथं फुकटात शिकायला मिळतं.

ज्यांना वाक्यरचनेत रस आहे त्यांनी मराठीचा वृक्षकोश बघावा, म्हणजे ज्यात प्रत्येक वाक्याचा व्याकरणिक सांगाडा आखलेला असतो. 'युनिव्हर्सल डिपेंडन्सीज' या जगभरच्या संग्रहातला मराठीचा मी वापरला तेव्हा त्यात पाचशेच्याही आत वाक्यं होती. आठ कोटींहून जास्त लोकांची भाषा आणि वाक्यं एवढीच. लाज वाटण्यापेक्षा संधी म्हणून बघा. नीट आखलेली शंभर वाक्यं घेऊन कुठल्याही प्रयोगशाळेच्या दारात गेलात तर आत बसवतील. भाषिणीचं 'भाषादान' आणि मोझिलाचं 'कॉमन व्हॉइस' इथंही वाक्यं वाचता किंवा तपासता येतात. त्यातून पैसा नाही, पण संध्याकाळी अर्धा तास तपासणी केली की लोक कुठं अडखळतात ते कळायला लागतं.

आता पैशांचं. रेकॉर्डिंग ऐकून लिहायच्या कामात 'तासाला इतके' असं सांगतात तेव्हा लगेच हरखू नका. तास कुणाचा ते विचारा. बहुतेक वेळा तो रेकॉर्डिंगचा तास असतो, तुमचा नव्हे. एका माणसाचं स्वच्छ बोलणं असेल तरी रेकॉर्डिंगच्या एका तासाला चार ते सहा तास सहज जातात, आणि चौघं एकदम बोलत असतील, मागं गिरणी चालू असेल, तर दिवस गेला. सांगितलेल्या रकमेला आधी सहाने भागा आणि मग हो म्हणा. 'चाचणी' म्हणून कुणी दोन तासांचं रेकॉर्डिंग पाठवलं तर ते फुकटात करवून घेतलेलं काम आहे. खरी चाचणी पाच मिनिटांची असते. माझे सुरुवातीचे पैसे एका एजन्सीने असेच बुडवले. नाव घेत नाही, ती आता वेगळ्या नावाने चालते. तेव्हापासून पहिल्या हप्त्याचे पैसे खात्यात आल्याशिवाय मी दुसरा हप्ता उघडत नाही.

काही दारं आपल्यासाठी बंद आहेत, तेही माहीत असू द्या. भाषाविज्ञानात एम.ए. करून स्पीच थेरपिस्ट होता येत नाही. त्याचा अभ्यासक्रम वेगळा, आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी लागते. ज्याला ते करायचंय त्याने बारावी विज्ञाननंतरच तिकडं वळावं. मला विचारणाऱ्यांपैकी निम्म्या आयांना हेच हवं असतं आणि त्या चुकीच्या माणसाला फोन करतात. बँकांतल्या राजभाषा अधिकाऱ्याच्या जागेला पात्रतेत हिंदीची नाहीतर संस्कृतची पदव्युत्तर पदवी मागतात. आपली चालत नाही. राज्याच्या भाषा संचालनालयात अनुवादकाची पदं असतात, तिथं जाहिरात ओळ न ओळ वाचायची. प्राध्यापकीचं स्वप्न असेल तर नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेत भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे आणि जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. त्यात पीएच.डी. निघते. पुढच्या कायम जागेबद्दल मी काही बोलत नाही, तुम्ही सीएचबीवर, म्हणजे तासाच्या पैशांवर, तासिका घेणाऱ्या कुठल्याही दादाला विचारा, तो दोन तास बोलेल.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा फोनची एक मोठी लाट आली होती. "आता जागा निघतील ना?" रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालं. चांगलं झालं, मनापासून आनंद आहे. पण जागा निघेपर्यंत घरात बसून राहू नका.

एक क्षेत्र मात्र लोकांच्या नजरेतून सुटतं. लहान मुलांचं वाचायला शिकणं. २०२१ मध्ये 'निपुण भारत' आलं, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे असं. आता किनवटच्या पाड्यावर मूल घरात कोलामी बोलतं आणि पहिलीत त्याच्यासमोर मराठीचं पुस्तक येतं. कोलामी द्रविड कुळातली, मराठीशी तिचा घरोबा शेजारापुरता. बीडकडच्या ऊसतोड कामगारांची पोरं अर्धं वर्ष कर्नाटकात नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात, उरलेलं गावात. मूल 'वाचत नाही' असा शेरा पडतो तेव्हा ते अक्षराला अडतंय, आवाजाला अडतंय की शब्दच त्याच्या घरातला नाही, हे ओळखणारं माणूस लागतं. पालघरमधली 'क्वेस्ट' यासारख्या संस्था हे काम बऱ्याच वर्षांपासून करतायत. साहित्य लिहिणं, शिक्षकांचं प्रशिक्षण, मुलांच्या वाचनाची तपासणी. पगार आयटीएवढा नाही. पण इंटर्नला खरंखुरं काम देतात, फोटोकॉपी काढायला बसवत नाहीत. माझी एक वर्गमैत्रीण अशाच कामात आहे आणि आमच्यात सगळ्यात कमी कुरकुर तीच करते.

प्रोग्रामिंग लागतं का? थोडं. पायथन एवढं यावं की दहा हजार ओळींच्या फाइलमधून हव्या त्या ओळी काढता येतील, मोजता येतील. मला तेवढंच येतं. युनिकोड, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायची जगभरची पद्धत, मात्र नीट समजून घ्या, कारण 'दऱ्या' आणि 'दर्या' यंत्राला वेगळे दिसले पाहिजेत आणि निम्म्या फाइलींत ते गोंधळलेले असतात. डीटीपीचं काम केलेलं असेल तर तेही लिहा. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या छापखान्यांत श्रीलिपी आणि कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये अडकलेला मजकूर पडून आहे आणि तो युनिकोडमध्ये आणून तपासणारा माणूस सोन्याच्या भावाने जातो. निदान चांदीच्या.

आणि हल्लीचा प्रश्न, जो आता काकासुद्धा विचारतात: एआय आल्यावर तुझं काय? ऐकून टाइप करण्याचं काम कमी होतंय, हे खरंय. तीन वर्षांपूर्वी मुलं कोऱ्या पानावर लिहायची, आता यंत्राने लिहिलेलं दुरुस्त करतात. नुसत्या टायपिंगच्या भरवशावर या धंद्यात येऊ नका. पण यंत्राने 'काढूलालो'चं काय केलं, ते बरोबर की चूक, आणि चूक असेल तर कुठल्या जातीची चूक, हे सांगायला अजून माणूसच लागतो, आणि त्याला त्या बोलीचं व्याकरण कळावं लागतं. असं काम सध्या तरी माझ्याकडं वाढतंय. दहा वर्षांचं मला विचारू नका, नीटच्या पेपरचंही कुणी सांगू शकत नाही.

ट्यूशनवाल्या सरांना जाता जाता एक विनंती. शाळकरी पोरांसाठी भाषाविज्ञानाचं ऑलिंपियाड असतं, 'पाणिनी' नावाचं. त्यातून निवडलेली मुलं आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जातात, २०१६ साली तर ती स्पर्धा आपल्या म्हैसुरातच झाली होती. अनोळखी भाषेतली दहा वाक्यं देतात आणि नियम शोधायला लावतात. पाठांतर शून्य, डोकं पूर्ण. आपल्या पोरांना कोडी सोडवायची सवय आहेच, एक बॅच काढून बघा. फी काय घ्यायची ते तुम्हाला सांगायला नको.

अर्ज पाठवणाऱ्यांसाठी शेवटचं. मेलच्या विषयात 'इंटर्नशिपबाबत' लिहू नका, तशा मेलींनी पेटी भरलेली असते. तुमच्या भाषा आणि केलेलं काम लिहा: 'मराठी-कन्नड (उमरगा), दहा मिनिटांचं लेखन सोबत.' मजकूर पाच ओळींचा. 'आदरणीय महोदय/महोदया' दोन्ही एकदम नको, समोर कोण आहे ते शोधून एकच लिहा. आठवड्याने एकदा आठवण करा, रोज नको. रेकॉर्डिंगसाठी परवानगीचा मराठी नमुना माझ्याकडं आहे, ज्याला हवा त्याने मागावा, देते. आणि रविवारी दुपारी फोन करू नका, मी झोपलेली असते.